सर्व्हायव्हिंग सव्हाना

सर्व्हायव्हिंग सव्हाना ही अमेरिकन लेखिका पॅटी कॅलहॅन यांची इंग्रजी ऐतिहासिक कादंबरी आहे. ती मार्च २०२१ मध्ये बर्कली या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. १४ जून १८३८ च्या रात्री अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडालेली ‘पुलास्की’ ही आगबोट आणि तिच्यातून वाचलेल्या माणसांचे पुढील आयुष्य हा तिचा विषय आहे. कादंबरीत दोन काळ समांतर चालतात. एका काळात १८३८ मधील दोन स्त्रिया, ऑगस्टा लाँगस्ट्रीट आणि तिची पुतणी लिली फॉर्साइथ, नौकाभंगाला सामोऱ्या जातात. दुसऱ्या काळात एव्हर्ली विन्थ्रॉप ही सव्हाना शहरातील इतिहासाची प्राध्यापिका सुमारे १८० वर्षांनंतर त्याच आगबोटीच्या अवशेषांचे प्रदर्शन मांडण्याचे काम हाती घेते. ‘वाचणे’ म्हणजे केवळ प्राण वाचणे का, आणि प्राण वाचल्यानंतर माणसाने कसे जगावे, हा कादंबरीचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

शीर्षकातील ‘सव्हाना’ हे जॉर्जिया राज्यातील बंदराचे शहर आहे. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘सव्हानातून तगून जाणे’ असा होतो. त्यात नौकाभंगाबरोबरच त्या शहराच्या सामाजिक बंधनांतून सुटणेही सूचित होते.

लेखिका

पॅटी कॅलहॅन या पॅटी कॅलहॅन हेन्री या नावानेही लिहितात. लेखनाकडे पूर्णवेळ वळण्यापूर्वी त्या परिचर्येच्या क्षेत्रात कार्यरत होत्या. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील कौटुंबिक जीवन हा त्यांच्या आरंभीच्या कादंबऱ्यांचा विषय होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बिकमिंग मिसेस लुइस’ या कादंबरीने त्या ऐतिहासिक कादंबरीकडे वळल्या. कवयित्री जॉय डेव्हिडमन आणि लेखक सी. एस. लुइस यांच्या सहजीवनावर ती आधारलेली आहे. ‘सर्व्हायव्हिंग सव्हाना’ नंतर त्यांची ‘वन्स अपॉन अ वॉर्डरोब’ (२०२१) आणि ‘द सीक्रेट बुक ऑफ फ्लोरा ली’ (२०२३) ही पुस्तके प्रसिद्ध झाली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सव्हाना शहर

सव्हाना शहराची स्थापना १७३३ मध्ये जेम्स ओगलथॉर्प यांनी केली. जॉर्जिया वसाहतीत आरंभी गुलामगिरीला बंदी होती. १७५१ मध्ये ती उठली आणि भात व कापूस यांच्या मळ्यांवर गुलामांच्या श्रमातून मोठी संपत्ती उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सव्हाना हे कापसाच्या निर्यातीचे महत्त्वाचे बंदर होते. वाफेच्या शक्तीशी या शहराचे नाते जुने होते. वाफेच्या यंत्राची मदत घेऊन अटलांटिक महासागर प्रथम ओलांडणारे ‘सव्हाना’ हे जहाज मे १८१९ मध्ये याच बंदरातून निघाले होते. उन्हाळ्यातील उष्मा आणि तापाच्या साथी टाळण्यासाठी येथील धनिक कुटुंबे दरवर्षी उत्तरेकडील राज्यांत जात असत. पुलास्कीच्या अखेरच्या फेरीत प्रवाशांत सधन कुटुंबांचे प्रमाण मोठे होते, त्याचे एक कारण हेच होय.

पुलास्की आगबोट

पुलास्की ही दोन्ही बाजूंना मोठी चाके असलेली लाकडी आगबोट बाल्टिमोर येथे बांधण्यात आली आणि १८३७ मध्ये सेवेत दाखल झाली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात सव्हानाच्या वेढ्यात १७७९ मध्ये प्राणघातक जखमी झालेले पोलिश सेनानी कॅसिमिर पुलास्की यांचे नाव तिला देण्यात आले होते. सव्हाना व चार्ल्सटन येथून बाल्टिमोरपर्यंतचा प्रवास ती करीत असे. समुद्रात केवळ एक रात्र काढावी लागेल, हे तिच्या जाहिरातीतील प्रमुख आश्वासन होते. शिडाच्या जहाजांना वाऱ्यावर अवलंबून राहावे लागे. त्या तुलनेत हा प्रवास जलद आणि सुरक्षित मानला जात होता.

स्फोट

१३ जून १८३८ रोजी पुलास्की सव्हानाहून निघाली. ती रात्र चार्ल्सटन बंदरात काढून १४ जूनच्या सकाळी आणखी प्रवासी घेऊन ती पुढे निघाली. प्रवासी व खलाशी मिळून तिच्यावर सुमारे दोनशे माणसे होती. रात्री अकराच्या सुमारास, किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर असताना, तिच्या उजव्या बाजूच्या बाष्पकाचा (बॉयलरचा) स्फोट झाला. बहुतेक प्रवासी तेव्हा झोपलेले होते. बाष्पकातील पाण्याची पातळी धोकादायक मर्यादेखाली गेलेली असताना तापून लाल झालेल्या धातूवर थंड पाणी सोडले गेले, असे कारण तत्कालीन वृत्तांतांत दिले आहे. स्फोटाने आगबोटीची उजवी बाजू उद्ध्वस्त झाली. सुमारे पाऊण तासात तिचे दोन तुकडे होऊन ती बुडाली.

आगबोटीवर चार होड्या होत्या. त्यांपैकी दोन उन्हात राहून तडकल्या होत्या आणि निरुपयोगी ठरल्या. उरलेल्या दोन होड्या पहिला अधिकारी हिबर्ड याच्या नेतृत्वाखाली किनाऱ्याकडे निघाल्या आणि फुटणाऱ्या लाटांतून काही जणांचा बळी देऊन किनाऱ्याला लागल्या. कप्तान ड्युबॉय याचा मृत्यू झाला. उरलेली माणसे डेकच्या तुटलेल्या भागांवर, आसनांवर आणि दोरांनी बांधलेल्या फळ्यांवर तरंगत राहिली. अन्न व गोडे पाणी नव्हते. दिवसा कडक ऊन होते आणि रात्री थंडी. काही जहाजे दुरून दिसली, परंतु त्यांचे लक्ष वेधता आले नाही. अखेर १९ जून रोजी ‘हेन्री कॅमर्डन’ या शिडाच्या जहाजाने तराफ्यांवरील सुमारे तीस जणांना वाचविले. एकूण ५९ जण वाचले, असे सामान्यतः मानले जाते. मृतांचा आकडा याद्यांनुसार बदलतो, तथापि तो शंभराहून बराच अधिक होता. मृतांत न्यूयॉर्क राज्यातील माजी लोकप्रतिनिधी विल्यम रॉचेस्टर यांचा समावेश होता. मृतांमध्ये सव्हाना व चार्ल्सटन येथील इतकी प्रतिष्ठित माणसे होती की पुढे या दुर्घटनेला ‘दक्षिणेची टायटॅनिक’ असे म्हटले जाऊ लागले.

बाष्पकांचे अपघात आणि कायदा

बाष्पकाचा स्फोट ही त्या काळात विरळा घडणारी गोष्ट नव्हती. त्याच वर्षी २५ एप्रिल रोजी सिनसिनाटी येथे ‘मोझेल’ या आगबोटीवर असाच स्फोट होऊन मोठी प्राणहानी झाली होती. धातूची गुणवत्ता, दाबाचे मापन आणि यंत्रचालकांचे शिक्षण यांबाबत एकसमान नियम नव्हते. पुलास्की बुडाल्यानंतर तीन आठवड्यांनी, ७ जुलै १८३८ रोजी, अमेरिकेच्या संघराज्याने आगबोटींच्या सुरक्षिततेसंबंधीचा पहिला कायदा केला. त्याचा विचार आधीपासून चालू होता, परंतु लागोपाठच्या अपघातांनी त्याची निकड वाढविली. हा कायदा अपुरा ठरला. १८५२ मध्ये तपासणी व परवान्यांची अधिक कडक व्यवस्था लागू करण्यात आली.

लमार कुटुंब

कादंबरीतील लाँगस्ट्रीट कुटुंब सव्हानाच्या लमार कुटुंबावरून घेतले आहे. व्यापारी गॅझवे बग लमार हा पुलास्कीच्या उभारणीशी निगडित असलेला उद्योजक होता. इंग्लंडहून सुटे लोखंडी भाग आणून सव्हानात जोडलेली ‘जॉन रँडॉल्फ’ ही आगबोट त्याने १८३४ मध्ये पाण्यात उतरविली होती. अमेरिकेतील आरंभीच्या यशस्वी लोखंडी आगबोटींत तिची गणना होते. पुलास्कीवरील त्या प्रवासात त्याच्यासोबत पत्नी, सहा मुले आणि बहीण रिबेका होती. त्यांपैकी गॅझवे, त्याचा चौदा वर्षांचा मुलगा चार्ल्स आणि बहीण रिबेका हे तिघेच वाचले. पत्नी आणि पाच मुले बुडाली. रिबेकाने तराफ्यावरील दिवसांविषयी पुढे लिहिलेले कथन उपलब्ध असून दुर्घटनेच्या माहितीचा तो एक महत्त्वाचा आधार आहे.

कथानक

वर्तमानकाळ

एव्हर्ली विन्थ्रॉप ही सव्हानात इतिहास शिकविते. तिची जिवलग मैत्रीण मोरा हिचा एका अपघातात मृत्यू झाला आहे आणि त्या प्रसंगी आपण वाचलो, ती गेली, या जाणिवेतून एव्हर्ली बाहेर पडलेली नाही. मोराचा वाग्दत्त वर ऑलिव्हर हा एका संग्रहालयाशी संबंधित आहे. पुलास्कीचे अवशेष नुकतेच सापडलेले असतात. त्यांतील वस्तूंचे प्रदर्शन रचण्यासाठी पाहुणी अभिरक्षक म्हणून काम करावे, अशी विनंती तो एव्हर्लीला करतो. या कामाने तिला ऑलिव्हरच्या सान्निध्यात, पर्यायाने ज्या आठवणींपासून ती दूर राहत आली त्यांच्या सान्निध्यात, यावे लागते. त्यामुळे होकार देणे तिला सोपे जात नाही. लहानपणी आजोबांकडून ऐकलेल्या पुलास्कीच्या कथांचे आकर्षण मात्र तिला या कामाकडे ओढून नेते.

कागदपत्रे, पत्रे आणि प्रवाशांच्या याद्या धुंडाळताना तिला एकाच कुटुंबातील अकरा जण या आगबोटीवर चढल्याचे आढळते. त्यांपैकी ऑगस्टा वाचल्याची नोंद आहे. तिची पुतणी लिली आणि लिलीचे तान्हे मूल यांचे पुढे काय झाले, याची नोंद नाही. त्यांचा मृत्यू झाला असे सर्वांनी गृहीत धरले आहे. एव्हर्लीला हे गृहीत मान्य होत नाही आणि तिच्या शोधाला त्यातूनच दिशा मिळते.

भूतकाळ

१८३८ च्या कथानकाचा आरंभ प्रवासाच्या उत्साही वातावरणात होतो. ऑगस्टा ही अविवाहित, सुशिक्षित आणि भावाच्या कुटुंबात मानाने राहणारी स्त्री आहे. लिली विवाहित असून तिचा पती ॲडम तिला क्रूरपणे वागवितो. बाहेरून पाहणाऱ्याला तिचे आयुष्य वैभवाचे वाटते. तिच्यासोबत तान्ही मुलगी आणि मुलीला सांभाळणारी प्रिसिला ही गुलाम स्त्री आहे.

स्फोटानंतर ऑगस्टा व लिली एकमेकींपासून दुरावतात आणि दोघींच्या कथा वेगवेगळ्या तराफ्यांवर पुढे सरकतात. ऑगस्टाच्या भागात कुटुंबातील एकेका व्यक्तीचे जाणे, तहान, भ्रम आणि भोवतालच्या माणसांना धीर देण्याचा प्रयत्न येतो. लिलीच्या भागात आणखी एक प्रश्न आहे. नौकाभंगाने तिचे सर्वस्व हिरावले, परंतु पतीच्या ताब्यातून सुटण्याची वाटही कदाचित त्यानेच उघडली. ती मरण पावली, की मृत समजली जाण्याची संधी तिने घेतली, हा प्रश्न शेवटच्या प्रकरणांपर्यंत वाचकाला बांधून ठेवतो.

प्रमुख पात्रे

एव्हर्ली विन्थ्रॉप: वर्तमानातील नायिका, इतिहासाची प्राध्यापिका. पुराव्याशिवाय काही मान्य न करण्याची तिची अभ्यासकाची सवय आणि स्वतःच्या दुःखाकडे पाहण्याचे तिने टाळणे यांतील विसंगती तिच्या पात्राला आकार देते.

ऑलिव्हर: संग्रहालयाशी संबंधित तज्ज्ञ, मोराचा वाग्दत्त वर. एकाच व्यक्तीच्या वियोगाचे दोन वाटेकरी म्हणून त्याचे व एव्हर्लीचे नाते उलगडते.

ऑगस्टा लाँगस्ट्रीट: १८३८ मधील नायिकांपैकी एक. रिबेका लमार हिच्यावर आधारलेली.

लिली फॉर्साइथ: ऑगस्टाची पुतणी. हे पात्र मुख्यतः कल्पित आहे.

प्रिसिला: लिलीच्या मुलीला सांभाळणारी गुलाम स्त्री. जीव वाचविण्याच्या धडपडीत मालकीण व दासी हे नाते किती टिकते, हा प्रश्न तिच्यामुळे उभा राहतो.

चार्ल्स: ऑगस्टाचा किशोरवयीन भाचा, चार्ल्स लमार याच्यावर आधारलेला. नौकाभंगातील धैर्यामुळे तो ‘उदात्त मुलगा’ म्हणून ओळखला जातो.

रचना

कादंबरीची प्रकरणे भूतकाळ व वर्तमानकाळ यांत आलटून पालटून येतात. अशा रचनेला दुहेरी कालरेषा असे म्हणता येईल. इंग्रजीत ही रचना अनेक लेखकांनी वापरली आहे. ए. एस. बायट यांची १९९० मध्ये बुकर पारितोषिक मिळालेली ‘पझेशन’ ही कादंबरी तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्या कादंबरीत दोन अभ्यासक व्हिक्टोरियन काळातील दोन कवींच्या गुप्त नात्याचा शोध घेतात.

या रचनेत वाचकाला भूतकाळाविषयी पात्रांपेक्षा अधिक ठाऊक असते. पुलास्की बुडणार, हे पहिल्या पानापासून माहीत असल्यामुळे ‘काय घडेल’ या उत्सुकतेची जागा ‘कोण वाचेल आणि कशामुळे’ ही उत्सुकता घेते. दुसरीकडे, वर्तमानातील संशोधकाला जे कागदांत सापडत नाही, ते भूतकाळाच्या प्रकरणांत वाचकासमोर प्रत्यक्ष घडते. एव्हर्लीने काढलेले अनुमान बरोबर आहे की चूक, हे वाचक तिच्या आधी ओळखू शकतो. इतिहासाचा पुरावा किती अपुरा असतो, याचा अनुभव वाचकाला या अंतरातून येतो.

वस्तू हा दोन काळांना जोडणारा दुवा आहे. घड्याळ, नाणी, दागिने, भांडी अशा समुद्रतळातून आलेल्या वस्तू प्रदर्शनाच्या मांडणीत येतात आणि त्यांच्या मालकांचे क्षण भूतकाळाच्या प्रकरणांत दिसतात.

आशयसूत्रे

वाचल्यानंतरचे जगणे

मोठ्या आपत्तीतून वाचलेल्या माणसांना ‘आपणच का वाचलो’ हा प्रश्न छळतो. मानसशास्त्रात या अवस्थेला वाचल्याची अपराधभावना म्हणतात. कादंबरीत ही भावना दोन्ही काळांत आहे. ऑगस्टाने डोळ्यांदेखत कुटुंब गमावले आहे. एव्हर्लीने मैत्रीण गमावली आहे. एकीची आपत्ती इतिहासात नोंदली गेली, दुसरीची केवळ तिच्या परिचितांपुरती राहिली. तरीही दोघींपुढील प्रश्न सारखाच आहे. वाचणे हे दैवी निवडीचे चिन्ह मानावे, की निव्वळ योगायोग, यावर कादंबरीतील पात्रे वेगवेगळी उत्तरे देतात. स्वतः लेखिका कोणतेही उत्तर अंतिम म्हणून मांडत नाहीत.

‘उदात्त मुलगा’ आणि गुलामांचा व्यापार

वाचलेला माणूस दुःखाने अधिक चांगला होतो, या समजुतीला छेद देणारे कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण चार्ल्सचे आहे. त्याची पार्श्वभूमी पूर्णपणे ऐतिहासिक आहे. चार्ल्स ऑगस्टस लाफायेत लमार याने चौदाव्या वर्षी आई व भावंडे गमावली. मोठेपणी तो दक्षिणेतील गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता झाला. अमेरिकेत बाहेरून गुलाम आणण्यास १ जानेवारी १८०८ पासून कायद्याने बंदी होती. ती झुगारून लमार व त्याच्या साथीदारांनी ‘वाँडरर’ नावाची विलासी नौका गुलामांच्या वाहतुकीसाठी सज्ज केली. नोव्हेंबर १८५८ मध्ये या नौकेने आफ्रिकेतील काँगो नदीच्या परिसरातून आणलेल्या चारशेहून अधिक बंदींना जॉर्जियाच्या जेकिल बेटावर उतरविले. प्रवासात अनेकांचा मृत्यू झाला होता. सव्हानात चाललेल्या खटल्यांत स्थानिक ज्यूरींनी आरोपींना चाचेगिरीच्या आरोपातून सोडले. यादवी युद्धाच्या अखेरीस एप्रिल १८६५ मध्ये कोलंबस येथील लढाईत लमार मारला गेला.

समुद्रात पाच दिवस मृत्यूशी झुंजलेल्या मुलाने वीस वर्षांनी शेकडो माणसांना समुद्रावरील तशाच नरकात लोटावे, हा विरोधाभास एव्हर्लीच्या संशोधनात वारंवार येतो. आपत्ती कोणालाही आपोआप सज्जन करीत नाही. त्या आपत्तीतून माणूस काय निवडतो, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते, असे कादंबरी सुचविते.

स्त्रियांची कायदेशीर अवस्था

१८३८ मध्ये विवाहित स्त्रीची मालमत्ता सामान्यतः पतीच्या नियंत्रणाखाली जात असे, मुलांचा ताबा प्रथम पित्याचा मानला जाई आणि घटस्फोट मिळणे अत्यंत कठीण होते. लिलीसारख्या स्त्रीला छळ करणाऱ्या पतीपासून मुलीसह दूर जाण्याचा कायदेशीर मार्ग जवळपास नव्हता. मृत म्हणून नोंदले जाणे हीच सुटकेची शक्यता ठरावी, ही कल्पना या पार्श्वभूमीवर अतिशयोक्त वाटत नाही. ऑगस्टाचे अविवाहित असणे हा तिच्या भोवतालच्या समाजाला उणेपणा वाटतो. मात्र स्वतःविषयीचे निर्णय घेण्याची मोकळीक तिला लिलीपेक्षा अधिक आहे.

नोंदीत नसलेली माणसे

पुलास्कीच्या प्रवाशांच्या तत्कालीन याद्यांत गुलामांची नावे नसत. मालकाच्या नावापुढे ‘व नोकर’ अशी नोंद असे. किती गुलाम आगबोटीवर होते आणि त्यांपैकी किती बुडाले, हे त्यामुळे नेमके सांगता येत नाही. मृतांच्या आकड्यांत जो फरक आढळतो त्यामागील कारणांपैकी हे एक आहे. प्रिसिला हे पात्र या रिकाम्या जागेतून उभे राहते. जी माणसे यादीत नव्हती, त्यांना बुडताना कोणी मोजले नाही आणि वाचल्यास त्यांचे वाचणेही कोणी साजरे केले नाही. प्रदर्शन मांडणाऱ्या एव्हर्लीपुढे म्हणूनच एक नैतिक प्रश्न उभा राहतो: सोन्याची नाणी आणि दागिने मांडून कोणाचा इतिहास सांगितला जातो?

इतिहास आणि कल्पित

आगबोटीचे नाव, प्रवासाच्या तारखा, स्फोट, निरुपयोगी होड्या, पाच दिवसांचे तरंगणे आणि सुटका या बाबी कादंबरीत प्रत्यक्ष इतिहासानुसार आहेत. लमार कुटुंबाला लाँगस्ट्रीट हे नाव देऊन लेखिकेने कल्पनेला वाव ठेवला आहे. कुटुंबप्रमुखाला दिलेले ‘लमार’ हे पहिले नाव मूळ कुटुंबाची आठवण जागी ठेवते. लिलीची कथा आणि संपूर्ण वर्तमानकालीन कथानक कल्पित आहे. कादंबरीचा उपयोग इतिहासाचे साधन म्हणून करताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते.

दुर्घटनेनंतर लगेचच तिच्याभोवती आख्यायिका निर्माण झाल्या. रिज नावाचा तरुण आणि ऑन्स्लो नावाची तरुणी एकाच तराफ्यावर भेटले, त्यांनी तेथेच एकमेकांना वचन दिले आणि सुटकेनंतर ती श्रीमंत वारस असल्याचे उघड झाले, ही कथा एकोणिसाव्या शतकातील वृत्तपत्रांतून पसरली. अशा कथांमुळे मूळ घटनेतील सत्य आणि लोकांना ऐकावेसे वाटणारे सत्य यांची सरमिसळ झाली. एव्हर्लीला आपल्या संशोधनात याच अडचणीला तोंड द्यावे लागते.

अवशेषांचा शोध

पुलास्कीचे अवशेष २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६५ किलोमीटर अंतरावर, सुमारे ३५ मीटर खोलीवर सापडले. ‘एन्ड्युरन्स एक्स्प्लोरेशन ग्रुप’ आणि ‘ब्लू वॉटर व्हेंचर्स इंटरनॅशनल’ या खासगी कंपन्यांच्या पाणबुड्यांनी हे काम केले. सापडलेल्या नाण्यांपैकी कोणतेही १८३८ नंतरचे नव्हते. आगबोटीचे नाव कोरलेल्या मेणबत्तीच्या घडवंचीने ओळख निश्चित होण्यास मदत झाली. सोन्याच्या एका खिशातील घड्याळाचे काटे अकरा वाजून पाच मिनिटांवर थांबलेले आढळले. वाचलेल्यांनी सांगितलेली स्फोटाची वेळ अकराच्या सुमाराची होती. १८० वर्षांपूर्वीच्या साक्षींना एका वस्तूने दिलेला हा दुजोरा वृत्तपत्रांत विशेष गाजला.

खासगी कंपन्यांनी नौकाभंगाचे अवशेष वर काढणे वादग्रस्त मानले जाते. अशा मोहिमांमुळे विस्मृत घटना प्रकाशात येतात. परंतु समुद्रतळ हे मृतांचे विश्रांतिस्थान आहे, आणि शास्त्रीय नोंद न करता वस्तू हलविल्यास त्यांचे संदर्भ नष्ट होतात, असा आक्षेप सागरी पुरातत्त्वज्ञ घेतात. संग्रहालयातील काचेमागे ठेवलेली वस्तू ज्याची होती त्याच्याविषयी आपले काही देणे आहे का, हा कादंबरीतील प्रश्न या वादाशी निगडित आहे.

वैशिष्ट्ये आणि मर्यादा

समुद्रावरील प्रकरणांतील तपशीलवार वर्णन हे कादंबरीचे बलस्थान आहे. तहान, मीठाने भाजलेली त्वचा, क्षितिजावर दिसून नाहीसे होणारे शीड, आणि अनोळखी माणसांत निर्माण होणारे क्षणिक कुटुंब यांचे चित्रण रिबेका लमार व इतर वाचलेल्यांच्या कथनांशी जुळणारे आहे.

दुहेरी कालरेषेच्या रचनेत एक अंगभूत अडचण असते. एका काळातील प्रसंग जीवनमरणाचे असले की दुसऱ्या काळातील व्यक्तिगत व्यथा तुलनेने फिकी वाटण्याचा धोका असतो. ‘सर्व्हायव्हिंग सव्हाना’लाही ही मर्यादा काही प्रमाणात लागू पडते. त्याचबरोबर धनिक मालक कुटुंबातील स्त्रियांच्या दृष्टीने कथा सांगितल्यामुळे प्रिसिलाचे अंतरंग वाचकाला मुख्यतः इतरांच्या नजरेतूनच दिसते. ज्यांच्या नोंदी राहिल्या नाहीत त्यांच्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या कादंबरीतही त्यांचा स्वतःचा आवाज मर्यादित राहावा, हा तिच्या ऐतिहासिक साधनांचाही परिणाम आहे. पुलास्कीविषयी लिहून ठेवले ते अक्षरज्ञान आणि स्वातंत्र्य असलेल्यांनी. उरलेल्यांविषयी आज सांगता येते ते एवढेच की ते त्या रात्री आगबोटीवर होते.